जीपीएस घड्याळ पुन्हा पुन्हा का चुकतं? आधी बघा किती चुकतं, मग बघा किती वाजता

नुसतं ‘घड्याळ चुकतंय’ म्हणून काही कळत नाही. किती चुकतंय आणि किती वाजता चुकतंय, हे दोन आकडे द्या. बहुतेक वेळा तेवढ्यावरच कारण सापडतं आणि स्क्रूड्रायव्हर हातात घ्यावाच लागत नाही.

हे लिहितोय ते रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला (पुढे नुसतं ‘पाय’) जीपीएस मॉड्यूल जोडून घरी केलेल्या घड्याळाबद्दल. सोलापुरात अशी घड्याळं मी यंत्रमागाच्या कारखान्यात पाळीच्या भोंग्यासाठी आणि अभ्यासिकेच्या भिंतीवर लावली आहेत. तक्रारीचा नमुना सगळीकडे एकच. दुरुस्त केलं, काही दिवस नीट चाललं, पुन्हा तेच. मग माणूस वैतागतो आणि सुटे भाग बदलत सुटतो. आधी अँटेना, मग मॉड्यूल, मग मेमरी कार्ड, शेवटी पायच नवा. पैसे जातात आणि घड्याळ पुन्हा चुकतं, कारण बिघाड बऱ्याचदा कुठल्याच भागात नसतो.

जोडणी नेहमीचीच धरतो. यू-ब्लॉक्सचं एनईओ-६एम किंवा एम८ जातीचं मॉड्यूल, त्याची टीएक्स, म्हणजे माहिती पाठवणारी, तार पायच्या १० नंबरच्या पिनला, दर सेकंदाला एक ठोका देणारी पीपीएसची तार १२ नंबरच्या पिनला, म्हणजे जीपीआयओ १८ ला. आत दोन प्रोग्राम: मॉड्यूलचं बोलणं वाचणारं जीपीएसडी आणि त्यावरून पायचं घड्याळ जुळवणारा क्रॉनी. समोर सात रेघांच्या आकड्यांची एलईडी पाटी किंवा जुना टीव्ही. मॉड्यूलच्या कित्येक स्वस्त पाट्यांवर पीपीएसची पिन बाहेर काढलेलीच नसते. फिक्स मिळाल्यावर, म्हणजे पुरेसे उपग्रह सापडून वेळ पक्की झाल्यावर, जो बारका एलईडी लुकलुकतो तो त्याच सिग्नलवर चालतो, तिथून तार डाखून घ्यावी लागते. हा एलईडी तुमचा पहिला साक्षीदार. तो लुकलुकत नसेल तर पुढचं काही वाचू नका, आधी अँटेनाला आकाश दाखवा.

चूक केवढी आहे?

बरोबर साडेपाच तास मागे असेल तर ती चूक नव्हेच. मॉड्यूल यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, देतं, तुम्ही टाइम झोन एशिया-कोलकाता केलेला नाही. एका ओळीचं काम.

तास-मिनिटं अचूक पण तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची दिसते? जीपीएस आठवडे मोजतं आणि ती मोजणी १०२४ आठवड्यांनी शून्यावर येते. १०२४ आठवडे म्हणजे ७१६८ दिवस, साधारण १९.६ वर्षं. मोजणी १९९९ च्या ऑगस्टमध्ये एकदा शून्यावर आली, २०१९ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्यांदा. जुन्या फर्मवेअरचं, म्हणजे आत बसवलेल्या जुन्या प्रोग्रामचं, मॉड्यूल आपल्या ठरलेल्या मुदतीनंतर असं मागे जातं. मॉड्यूल तसं नसेल तर जीपीएसडीची आवृत्ती बघा. ३.२० ते ३.२२ या आवृत्त्यांमध्ये दोष होता, २४ ऑक्टोबर २०२१ पासून त्या २००२ च्या मार्चमध्ये जाऊन बसायच्या. जुन्या कार्डाची प्रत काढून नवं घड्याळ उभं करणाऱ्यांना हे अजूनही भेटतं. जीपीएसडी अपडेट करा, संपलं.

एक ते तीन सेकंद पुढे, आणि हे फक्त वीज जाऊन आल्यावर? आणि पाव तासाच्या आत आपोआप ठीक? हे मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे. जीपीएसची स्वतःची वेळ आणि यूटीसी यांच्यात १ जानेवारी २०१७ पासून १८ सेकंदांचं अंतर आहे, जीपीएस पुढे. हा १८ चा आकडा उपग्रह सांगतात, पण त्यांचा पूर्ण संदेश एकदा पाठवून व्हायला साडेबारा मिनिटं लागतात. तोपर्यंत मॉड्यूल फर्मवेअरमध्ये बसवलेला जुना आकडा वापरतं. फर्मवेअर २०१२ च्या आधीचं असेल तर १५, त्यानंतरचं असेल तर १६ किंवा १७. जितके कमी वजा झाले तितकं घड्याळ पुढे. मॉड्यूलवर जो छोटा बॅकअप सेल असतो तो जिवंत असेल तर खरा आकडा त्याच्या आठवणीत राहतो. पत्र्याखालच्या उन्हाळ्यात तो सेल फार टिकत नाही. त्यामुळे वीज येऊन पाव तास होईपर्यंत भोंगा वाजवायचा नाही, असा नियम प्रोग्राममध्येच घाला. सेल बदलणं हा दुसरा उपाय, पण पहिला नियम ठेवून.

काही दशांश सेकंदांची चूक दिसत असेल तर पीपीएस वापरातच नाही, मॉड्यूल तारेवरून मजकुराच्या ज्या ओळी पाठवतं, त्या एनएमईए वाक्यांवरच नुसतं घड्याळ चाललंय. ठोके तपासणारी पीपीएसटेस्ट ही कमांड चालवा. दर सेकंदाला एक ओळ आली पाहिजे. येत नसेल तर तार सैल आहे किंवा कॉन्फिग फाइलमध्ये पीपीएस-जीपीआयओचा ओव्हरले, म्हणजे ती पिन पीपीएससाठी चालू करणारी ओळ, टाकलेला नाही.

आणि आता मुख्य दुखणं.

बरोबर एक सेकंद मागे

ज्याने ज्याने असं घड्याळ केलंय त्याला हे कधी ना कधी भेटतंच. पीपीएसचा ठोका मायक्रोसेकंदांपर्यंत अचूक, क्रॉनी सांगतो सगळं उत्तम, आणि घड्याळ पूर्ण एक सेकंद मागे. थोडंसं मागे नाही, पूर्ण एक. आज आहे, उद्या नाही, परवा पुन्हा आहे.

गिरण्या चालू होत्या तेव्हा भोंग्यावर अख्खं सोलापूर उठायचं-बसायचं, आणि त्या भोंग्याला सेकंद कुणी विचारले नसते. आता पाळी सुटायला सेकंदभर उशीर झाला की चार जण मोबाइल काढून दाखवतात. “काय सर, तुमचं घड्याळ परत मागं पडलंय बघा की!” असा मालकांचा फोन येतो. मोबाइल स्वतः अर्धा-एक सेकंद इकडेतिकडे असू शकतो हे त्यांना सांगून उपयोग नसतो. शिवाय इथे त्यांचंच खरं असतं.

कारण असं. पीपीएस म्हणजे नुसता ठोका. तो सांगतो ‘आत्ता सेकंद सुरू झाला’, पण कुठला सेकंद ते सांगत नाही. ते सांगतं एनएमईए वाक्य, आणि ते ठोक्याच्या नंतर येतं. घंटा एकाने वाजवावी आणि किती वाजले हे दुसऱ्याने मागाहून ओरडून सांगावं, तसा कारभार. ओरडणारा वेळेत ओरडला तर ठीक. त्याने इतका उशीर केला की पुढची घंटा जवळ आली, तर ऐकणारा त्याचं ओरडणं पुढच्या घंटेला जोडतो. झालं घड्याळ एक सेकंद मागे.

ओरडणाऱ्याला उशीर का होतो? मॉड्यूल मूळ सेटिंगवर ९६०० बॉडने, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने, बोलतं. एका अक्षराला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला फार तर ९६० अक्षरं. आता तो दर सेकंदाला काय काय पाठवतो ते मोजा. आरएमसी, व्हीटीजी, जीजीए, जीएसए, जीएलएल ही वाक्यं असतातच. त्यात भर म्हणजे जीएसव्ही, ज्यात दिसणाऱ्या उपग्रहांची यादी असते. एका जीएसव्ही वाक्यात चारच उपग्रह मावतात आणि वाक्य सत्तरेक अक्षरांचं. नुसतं जीपीएस ऐकणाऱ्या ६एम मध्ये अशी तीन वाक्यं होतील. जीपीएसबरोबर रशियाची उपग्रहमालिका ग्लोनासही ऐकणाऱ्या एम८ मध्ये सहा सहज होतात. सगळं मिळून पावणेआठशे अक्षरं झाली की एकट्या पाठवण्यालाच ०.८ सेकंद लागले. त्याआधी मॉड्यूलने हिशेब करायला घेतलेला वेळ वेगळा.

म्हणजे गंमत बघा. जितकं आकाश मोकळं, जितके उपग्रह जास्त, तितकी ही चूक होण्याची शक्यता जास्त. खिडकीत चालणारं घड्याळ गच्चीवर नेलं आणि बिघडलं असं कुणी सांगितलं तर त्याला वेड्यात काढू नका. आणि उपग्रहांची संख्या दिवसभर कमीजास्त होते, म्हणून चूक येते-जाते.

खात्री कशी करायची? पाय इंटरनेटला जोडा, मोबाइलचा हॉटस्पॉटही चालेल. क्रॉनीच्या फाइलमध्ये इंटरनेटवर वेळ देणारे तीन-चार एनटीपी सर्व्हर साक्षीदार म्हणून टाका. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, म्हणजे एनपीएल, भारतीय प्रमाणवेळ राखते आणि तिचाही टाइम सर्व्हर आहे. मग क्रॉनीची सोर्सेसची यादी उघडा. मोबाइल डेटावरून येणारी वेळ पाच-पन्नास मिलिसेकंदांनी डगमगेल, पण इथे शोधायचा आहे तो अख्खा सेकंद, त्याला हे साक्षीदार पुरेत. सगळे सर्व्हर एका बाजूला आणि पीपीएस एक सेकंद दुसऱ्या बाजूला दिसला की निदान पक्कं. अशा वेळी क्रॉनी पीपीएसच्या पुढे खोटा असल्याची फुलीही मारतो. कधीकधी मधली अवस्था दिसते. वाक्याचा उशीर अर्ध्या सेकंदाच्या आसपास असला की क्रॉनीला कुठल्या बाजूचा ठोका धरावा ते ठरवता येत नाही आणि तो ठोके टाकून देतो. पीपीएसपुढचा रीचचा आकडा (अलीकडचे किती ठोके घेतले ते सांगणारा; ३७७ म्हणजे सगळे) ३७७ वरून शून्याकडे उतरायला लागला, पण पीपीएसटेस्टमध्ये ठोके नीट येतायत, तर समजा की हेच चाललंय.

पडताळणीसाठी टीव्ही वापरू नका. डिशवरच्या वाहिन्या आणि मोबाइलवरचं लाइव्ह काही सेकंद मागेच असतं. आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे पिप रेडिओवर ऐकणं त्यातल्या त्यात बरं, पण कार्यक्रम उपग्रहावरून येत असेल तर ३५,७८६ किलोमीटर वर जाऊन परत खाली यायला पाव सेकंद जातोच. सेकंद चुकलाय का एवढं कळेल, त्याहून बारीक नाही.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. पहिला, बॉड वाढवा. ११५२०० वर तीच पावणेआठशे अक्षरं सेकंदाच्या पंधराव्या भागात जातात. दुसरा, नको ती वाक्यं बंद करा. घड्याळाला वेळ-तारीख सांगणारं आरएमसी पुरतं. उपग्रहांची यादी फक्त आपल्याला बघायला छान वाटते. जीएसव्ही, जीएलएल, व्हीटीजी तिन्ही बंद. जीपीएसडीबरोबर येणाऱ्या युबीएक्सटूलने हे करता येतं. मग क्रॉनीमध्ये एनएमईए स्रोताचा ऑफसेट, म्हणजे वाक्य ठोक्यानंतर किती उशिरा येतं तो आकडा, नव्याने मोजून टाका. जुन्या गाइडमधून उचललेला आकडा तसाच ठेवू नका, तो दुसऱ्याच्या मॉड्यूलचा आणि दुसऱ्याच्या बॉडचा असतो.

बॉड वाढवल्यावर वाक्यं तुटकी यायला लागली तर पाय ३ किंवा ४ वरचं ब्लूटूथ बघा. या बोर्डांवर चांगला सिरियल पोर्ट ब्लूटूथकडे असतो आणि आपल्या वाट्याला दुय्यम पोर्ट येतो, ज्याचा वेग प्रोसेसरच्या घड्याळाबरोबर हलू शकतो. डिसेबल-बीटीचा ओव्हरले टाकून चांगला पोर्ट परत घ्या. त्याच पोर्टवर लिनक्सचं सिरियल कन्सोल चालू असेल तर तेही बंद करा, नाहीतर मॉड्यूल आणि लॉगिन दोघंही एकाच तारेवर बोलत बसतात.

इतकं करूनही पंधरा दिवसांनी चूक परत येते. आणि लोक म्हणतात, “केलं होतं ओ सगळं!” केलं होतं हे खरंच. पण एनईओ-६एम मध्ये स्वतःची फ्लॅश मेमरी नाही. तुमची सेटिंग बॅकअप सेलच्या जिवावर राहते, किंवा मॉड्यूलच्या पाटीवर सेटिंग जपणारी वेगळी ईईप्रॉम चिप असेल तर तिच्यात. सेल मेलेला, चिप नाही, आणि वीज गेली, की मॉड्यूल परत ९६०० वर आणि सगळी वाक्यं सुरू. घड्याळ दुरुस्त झालेलं असतं, ते फक्त पुढच्या लोडशेडिंगपर्यंत. म्हणून सेटिंग मॉड्यूलच्या आठवणीवर सोडायचीच नाही. पाय सुरू होताना, क्रॉनी उठायच्या आधी, एक छोटी स्क्रिप्ट दर वेळी मॉड्यूलला तीच सेटिंग नव्याने देईल असं करा. एम८एन मध्ये फ्लॅश असते, तरी मी ही स्क्रिप्ट तिथेही ठेवतो.

किती वाजता चुकतं?

चूक केवढी हे कळूनही कारण लागत नसेल तर एक वही घ्या आणि बिघाडाची वेळ लिहीत जा. आठवडाभर पुरे. क्रॉनीचा लॉग चालू करून ठेवला तर वहीचीही गरज नाही, पण कारखान्यात वही टिकते.

वेळ रोज तीच असेल, म्हणजे रोज सकाळी पाळी सुरू होताना किंवा रोज दुपारी, तर कारण जमिनीवरचं आहे. वीज, उष्णता, माणूस. यंत्रमागाच्या शेडमध्ये पाळीच्या सुरुवातीला मोटारी एकामागून एक चालू होतात आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. दाब खाली जातो, मोबाइलचा चार्जर त्यात टिकत नाही, पायला मिळणारे ५ व्होल्ट ४.६३ च्या खाली गेले की तो तक्रार करतो, आणखी खाली गेले की परत सुरू होतो. टीव्ही जोडलेला असेल तर कोपऱ्यात विजेचं चिन्ह चमकून जातं. नसेल तर पायवरच्या व्हीसीजेनसीएमडी या कमांडला गेट-थ्रॉटल्ड विचारा, उत्तर शून्य आलं पाहिजे. मोबाइलचा चार्जर नको, पायसाठीचाच ५.१ व्होल्टचा अडॅप्टर घ्या, तार आखूड आणि जाड, आणि तो मोटारींच्या लाइनवर न लावता ऑफिसच्या लाइनवर लावा. शक्य असेल तर राउटरसाठी मिळतो तसला छोटा यूपीएस.

दुपारचा बिघाड बहुधा उष्णतेचा. मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना पत्र्याखाली, बंद डब्यात पायची काय अवस्था होत असेल ते वेगळं सांगायला नको. पण उष्णतेवर सगळं ढकलण्याआधी एक बघा. फिक्स असेपर्यंत उष्णतेने घड्याळ चुकत नाही, कारण पायमधला वेळ मोजणारा क्रिस्टल कितीही भरकटला तरी क्रॉनी त्याला सतत ओढून आणतो. उष्णता दिसते ती फिक्स गेल्यावर. त्यामुळे दुपारी चुकणाऱ्या घड्याळात आधी हे शोधा की दुपारी फिक्स का जातो. डब्याला भोकं पाडून किंवा पंखा लावून तो प्रश्न सुटत नाही.

आता दुसरा नमुना. वेळ रोज तीच वाटते, पण नीट पाहिलं तर रोज ४ मिनिटं आधी. सोमवारी ३ वाजून २० मिनिटांनी, मंगळवारी ३:१६, बुधवारी ३:१२. पंधरा दिवसांत तासभर मागे सरकलेलं. असं दिसलं की वीज, उष्णता, माणूस तिघंही निर्दोष. चार मिनिटं दिनमानातून गळणं ही आकाशातली सवय आहे. जीपीएसचा उपग्रह ११ तास ५८ मिनिटांत एक फेरी करतो, दोन फेऱ्यांना २३ तास ५६ मिनिटं, आणि मग तीच मांडणी तुमच्या डोक्यावर परत येते. म्हणजे तुमच्या अँटेनाला आकाशाचा एक तुकडाच दिसतोय आणि ठराविक मांडणीत त्या तुकड्यात चार उपग्रह उरत नाहीत. हे वहीशिवाय कळत नाही, कारण दोन-तीन दिवसांत चार-आठ मिनिटांचा फरक कुणाच्या लक्षात येतो?

उपाय एकच, अँटेना हलवा. लोखंडी पत्रा सिग्नल अडवतो, पूर्ण. स्लॅबमधल्या सळ्याही बराच खातात. पत्र्याच्या वर चुंबकाने चिकटवलेला पॅच अँटेना उत्तम, उलट पत्र्याचा त्याला फायदाच होतो. खिडकीतच ठेवायची वेळ आली तर दक्षिणेची खिडकी निवडा. हा वास्तूचा सल्ला नाही. जीपीएसच्या कक्षा विषुववृत्ताला ५५ अंशांनी कललेल्या आहेत, उपग्रह ५५ अक्षांशाच्या पलीकडे उत्तरेला जातच नाहीत. सोलापूर साडेसतरा अक्षांशाच्या थोडं वर. त्यामुळे इथून बरोबर उत्तरेला पाहिलं तर क्षितिजापासून साधारण ४० अंशांपर्यंत जीपीएसचा एकही उपग्रह कधी येत नाही. दक्षिणेला ते थेट क्षितिजाजवळपर्यंत दिसतात. उत्तरेच्या खिडकीतली अँटेना म्हणजे रिकाम्या पाटाकडे तोंड करून बसणं. ग्लोनासची कक्षा जास्त कललेली आहे, ते मॉड्यूल ऐकत असेल तर थोडी भरपाई होते.

अँटेना पायच्या डब्यावरच चिकटवू नका. पाय, त्याची एचडीएमआय तार, मेमरीचा यूएसबी ड्राइव्ह यांचा गोंगाट त्या क्षीण सिग्नलला पुरून उरतो. दोन-तीन मीटर लांब न्या. तार लांबल्याने वेळ चुकेल ही भीती बाळगू नका, मीटरमागे ५ नॅनोसेकंद, भिंतीवरच्या घड्याळाला त्याचं काही नाही. पावसाळ्यात मात्र जोडाच्या तोंडाशी पाणी शिरतं. पाऊस सिग्नल अडवत नाही, जोडातलं पाणी अडवतं. टेप गुंडाळा आणि तारेला जोडाच्या आधी खाली एक झोळ द्या.

“आपला नाविक का नाही वापरत?” हे अभ्यासिकेतली पोरं हमखास विचारतात. नाविक ही भारताची स्वतःची उपग्रहमालिका. तिचे सुरुवातीचे उपग्रह एल५ आणि एस या रेडिओ पट्ट्यांत बोलतात, आणि आपली स्वस्त मॉड्यूलं १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे एल१ पट्ट्याच्या, आसपासच ऐकतात. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून एल१ सुद्धा आलं. नाविक ऐकणारं मॉड्यूल मिळालं तर जरूर घ्या, नाविकचे उपग्रह चोवीस तास आपल्या आकाशातच असतात.

घड्याळ बरोबर, पाटी चूक

क्रॉनी, पीपीएस, सर्व्हर सगळे एकमतात, आणि तरी समोरच्या पाटीवर अधूनमधून एक सेकंद गिळला जातो. ४१ नंतर एकदम ४३. हे प्रोग्रामचं काम. प्रोग्राम आकडा दाखवतो आणि ‘एक सेकंद झोप’ म्हणतो. पण आकडा दाखवायलाही ८ मिलिसेकंद लागले असतील. दर फेरीला ते साचतात आणि १२५ फेऱ्यांनी, म्हणजे दर दोन मिनिटांनी, एक सेकंद उडी मारून जातो. एक सेकंद झोपू नका. पुढच्या पूर्ण सेकंदाला किती उरलंय ते काढून तेवढंच झोपा. टीव्ही वापरत असाल तर चित्र सुधारणारे सगळे मोड बंद करा, ते शंभरेक मिलिसेकंद मागे पाडतात. एलईडी पाटीला हा त्रास नाही, मी म्हणून टीव्हीच्या विरोधात आहे.

आणि फिक्स नाही, साक्षीदार नाही, अशा वेळी पाटीवर वेळ दाखवूच नका. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज आली की तो बंद पडण्याआधी जपून ठेवलेल्या वेळेपासून मोजायला लागतो, आणि तीच वेळ मोठ्या दिमाखात पाटीवर झळकते. त्यावर भोंगा वाजतो आणि भांडण होतं. चुकीच्या वेळेपेक्षा चार आडव्या रेघा बऱ्या. डीएस३२३१ ही बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाची छोटी पाटी जोडली तर मात्र निम्मा त्रास संपतो. ती वर्षाला साधारण मिनिटभर हलते. तिला ३.३ व्होल्टच द्या, ५ व्होल्ट दिले तर पायच्या पिनांवर ५ व्होल्ट येतात. पाय ५ वर घड्याळ आहे, पण बॅटरी वेगळी घेऊन जोडावी लागते.

एक नमुना उरला: संध्याकाळचा

सूर्य मावळल्यावर, साधारण आठनंतर, मध्यरात्रीपर्यंत उपग्रहांचे आकडे खालीवर होतात, काही गळतात, परत येतात. रोज नाही. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जास्त, आणि सूर्यावर डागांची धामधूम असलेल्या वर्षांत जास्त. अँटेना गच्चीवर, तार कोरडी, वीज ठीक, तरी होतं. हे आयनांबराचं, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचं, काम. चुंबकीय विषुववृत्त आपल्याकडे देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातं, थुंब्याला रॉकेट केंद्र त्यामुळेच झालं. या पट्ट्यात मावळतीनंतर आयनांबरात बुडबुड्यांसारख्या पोकळ्या तयार होतात आणि त्यांतून येणारा सिग्नल थरथरतो. यावर घरगुती उपाय नाही. एकापेक्षा जास्त उपग्रहमालिका ऐकणारं मॉड्यूल असेल तर सगळेच एकदम गळत नाहीत, एवढंच.

पण भोंग्याचं अडत नाही. क्रॉनी चालू असताना तुमच्या पायच्या क्रिस्टलचा भरकटण्याचा वेग शिकून ड्रिफ्ट फाइलमध्ये लिहून ठेवतो. फिक्स गेला की तो त्याच हिशेबाने पुढे चालतो. रात्री तापमान सावकाश उतरतं, त्यामुळे शिकलेल्या वेगात दशलक्षात एक एवढी चूक राहिली असं धरलं, तर दिवसाला ८६ मिलिसेकंद, दोन तासांना ७. रात्रीच्या पाळीचा भोंगा तेवढ्यावर बिनघोर वाजू द्या आणि त्या तासांत मॉड्यूल रीसेट करायला जाऊ नका. रीसेट केलंत तर त्याला थरथरत्या सिग्नलवर सगळे उपग्रह नव्याने शोधावे लागतील.